माळ्यावर चढवलेला राउटर

"राउटर घ्यायला मी जातो," असं प्लंबरकाकांनी चहा पिता पिता जाहीर केलं आणि तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांच्या पोरीची नोकरीची मुलाखत होती, व्हिडिओवर. आठ महिन्यांत आलेली ही पहिलीच. आणि घरातला जुना राउटर दर दोन मिनिटांनी मान टाकत होता.

दुकानात खोक्यांवर वेगाचे आकडे: तीनशे, बाराशे, तीन हजार, पाच हजार चारशे.

"काका, घरात लाइन कितीची येते?" दुकानदारानं विचारलं.

"चाळीस वर्षं लोकांच्या घरात लाइनी टाकल्यात मी. मला शिकवतोस? सगळ्यात मोठा आकडा काढ!"

(एवढ्या तोऱ्यात बोलणारा माणूस पुढं तोंडावर आपटतोच. असे बरेच मी पाहिलेत.)

घरी आलं ते आठ शिंगांचं धूड. पोरीनं जोडलं, मोबाइलवर वेग मोजला.

"पन्नास, बाबा. कालच्याइतकाच. बाहेरून लाइनच पन्नासची आहे ना! पण आता तुटत नाही, मला तेवढं पुरे."

काकांचा चेहरा पडला. बारीक पाइपला मोठा नळ लावता म्हणून त्यांनी उभ्या जन्मात शेकडो गिऱ्हाइकं झापली होती. ते आठवून बायको फिसकन हसली. ते हसणंच नडलं.

"लाइन बारीक असली म्हणून काय झालं? उंचावर चढवला की प्रेशर वाढतं!"

"अहो, ते काय पाणी आहे का?"

"तू गप बस."

सकाळी पोरगी इस्त्रीचे कपडे आणायला गेली आणि काकांनी ड्रिल काढलं. घरातली सगळ्यात उंच जागा म्हणजे बाथरूमचा माळा. तिथं पाण्याच्या टाकीमागं राउटर ठेवला, वायर लांबवली, वर सहा क्लॅम्प ठोकले. भूकंप झाला तरी हलायचा नाही!

पावणेअकराला पोरीनं लॅपटॉप उघडला. हॉलमध्ये रेंज नाही. स्वयंपाकघरात नाही. मध्ये पाचशे लिटर पाणी उभं, पलीकडं काय कपाळ पोचणार?

"बाबा, उतरवा ते आधी!"

काका स्टुलावर चढले. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाचच घासली गेली. अकराला पाच कमी.

"अगं, इथं फुल रेंज आहे!" बायको मोबाइल धरून बाथरूममधून ओरडली.

मग काय! पोरगी कडक इस्त्रीच्या शर्टात उलट्या बादलीवर बसली, लॅपटॉप मांडीवर. काका दाराबाहेर, श्वाससुद्धा जपून घेत. चाळीस मिनिटं आतून तिचा आवाज खणखणीत येत होता.

दार उघडलं. "सोमवारपासून या म्हणाले!"

काकांची छाती फुगली. "बघा, प्रेशर! आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या मागचा नळ मघापासून ठिबकतोय. एखादा चांगला प्लंबर बोलावून घ्या."