पाचशे नोंदी पुऱ्या होईपर्यंत

संशोधनाला घाई परवडत नाही, हे जगन्मान्य सत्य आहे. घाई असते ती मरणाला, आणि म्हणूनच मरणाला कोणी मानपत्र दिल्याचे ऐकिवात नाही.

या तत्त्वाला अनुसरून १९९५ साली तंजावुरात डॉ. तुळजारामराव यांचा जीवनगौरव करण्याचे ठरले. गौरव समितीचा चिटणीस मीच. धडधाकट निजलेले तान्हे मूल अचानक दगावते कसे, या एकाच प्रश्नाला डॉक्टरांनी एकोणतीस वर्षे वाहून घेतले होते. फलनिष्पत्ती: नोंदी चारशे बारा, निबंध चौतीस, परदेशवाऱ्या नऊ, निष्कर्ष एक. तो चौतीसही निबंधांच्या शेवटी सापडतो: ‘अधिक अभ्यासाची गरज आहे.’ (इतकी वैचारिक सुसंगती हल्ली दुर्मीळ.)

नोंदी आणण्याचे किरकोळ काम चंद्रमतीबाई नर्स करीत. मूल गेल्याचा निरोप आला की बसने पापनाशमकडच्या खेड्यात जायचे, आईजवळ बसायचे, विचारून लिहून आणायचे. एकशे दहाव्या नोंदीला त्या आमच्या तंजावुरी मराठीत (‘अस्के’ म्हणजे सगळे) म्हणाल्या, “सार, बहुतेक अस्के पोरं पालथे निजलेले, तोंड उशीत. उताणे निजवा म्हणून आयांना सांगूला नको का?”

“पाचशे होऊ दे बाई,” डॉक्टर म्हणाले. “शंभरावर बोललो तर परिषदेत हसतील.”

शास्त्रीय शिस्त म्हणतात ती ही. आयांनी उद्यापासून मुले उताणी निजवली असती, तर पाचशेचा आकडा या जन्मी गाठता आला असता का? बाईंना एवढेही कळेना. त्या गावोगाव परस्पर सांगत सुटल्या. पापनाशमकडच्या नोंदी रोडावल्या. कामात हयगय केल्याबद्दल बाईंना मेमो मिळाला. (आकडे पाहता तो योग्यच होता.)

समारंभाचे प्रायोजक म्हणून बाळांच्या फोम-उशा करणारी एक नवी कंपनी लाभली. उदारीकरणाची फळे तळागाळापर्यंत पोचत नाहीत म्हणणाऱ्यांनी ती उशी एकदा दाबून पाहावी.

मानपत्र मराठीत हवे, हा माझा हट्ट. मराठे राजांबरोबर आलेली आमची घराणी. मान म्हणजे मान. अडचण एवढीच की आम्ही मराठी घरात बोलतो आणि वाचतो मात्र तमिळ नि इंग्रजी. देवनागरी लिहिणारे माणूस हाताशी एकच, चंद्रमतीबाई. (वडील जुन्या पोथ्यांच्या नकला करीत.) त्यांनी एका दिवसात लिहून दिले. अक्षर मोत्यासारखे. अध्यक्षांनी पाहिले, डॉक्टरांनी पाहिले, मी पाहिले. “फार सुंदर,” असा ठराव एकमताने झाला.

समारंभात वाचनाची पाळी माझ्यावर आली. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि पाठ केलेली स्तुती खणखणीत म्हणून टाकली.

“चिदंबर सार, लिहिलेलं वाचा ओ!” मागच्या रांगेतून चंद्रमतीबाई ओरडल्या.

“लिहिलेलंच वाचतोय, अम्मा,” मी म्हणालो. टाळ्या झाल्या. डॉक्टरांना शाल पांघरली. मग चाळीस बाळंतिणींना उशा वाटल्या. पहिली माझी सून राजम. नातू कार्तिक तीन महिन्यांचा होता.

नवव्या दिवशी दुपारी तो त्या उशीवर पालथा निजला तो उठला नाही. नोंद घ्यायला चंद्रमतीबाईच आल्या. राजमजवळ बसल्या, विचारून लिहिले. नोंद क्रमांक चारशे तेरा.

मी रडलो, आणि मग देवनागरी शिकलो. सहा आठवडे लागले. शिकल्यावर पहिला कागद वाचला तो मानपत्राचा: ‘तान्ह्या मुलास उताणे निजवावे. तोंडाजवळ उशी ठेवू नये. डॉक्टरांस हे एकवीस वर्षे ठाऊक आहे. हे वाचणाराने कृपा करून एका तरी आईला सांगावे.’

स्तुतीचा एक शब्द नव्हता. मी समितीला वाचून दाखवले. समितीने अधिक अभ्यासाची गरज व्यक्त केली.

मानपत्र आजही सभागृहात चौकटीत आहे. मीच मुद्दाम तिथे ठेवले आहे. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईची मंडळी आमचे तंजावूर पाहायला येतात. चौकटीपुढे थांबतात, चारही ओळी मोठ्याने वाचतात. “वा! इतक्या दूर मराठी जपलीत हो!” म्हणून माझी पाठ थोपटतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात.

आम्हांला निदान वाचता येत नव्हते.