खडकसांगवीची निम्मी बाटली

जुनी सोड्याची बाटली घरी आणली की तिच्यातून शेवटचा घोट प्यालेला माणूसही सोबत येतो. बाटल्या जमवणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. सोडा गाड्यापाशी उभ्यानं प्यायचा आणि बाटली दुकानदाराच्या हातात परत द्यायची, ही रीतच आहे. ज्याची बाटली परत गेली नाही त्याला हलता येत नाही. बाटली हलली तर तो तिच्यामागे जातो, एवढंच. आता गावोगावचे सोड्याचे कारखाने बंद पडलेत, परत घेणारं कोणी उरलेलं नाही.

माझ्याकडे तेवीस बाटल्या आहेत, त्यामुळे सोलापुरातल्या आमच्या दिवाणखान्यात तेवीस माणसं उभी असतात. बसत नाहीत. बार्शीकडचे एक तलाठी आहेत. टेंभुर्णीची एक नवरी आहे, तिच्या हातावरची मेंदी अजून ओली आहे. बाटल्या गॅलरीत ठेवून या मंडळींना तिथं उभं करू नये, असा सोसायटीनं ठराव केला आहे. ठराव योग्यच आहे, खालून मुलं घाबरतात.

खरं सांगायचं तर मला काचेचं काडीचं कौतुक नाही. मी सहा वर्षांचा असताना आमची एस.टी. खडकसांगवीला थांबली. मला तहान लागली होती. दादा, म्हणजे माझे वडील, सोडा आणायला उतरले आणि गाडी सुटली. ते पुन्हा दिसले नाहीत. खडकसांगवीला मी चारदा जाऊन आलो; बागवानांचा कारखाना मोडून बाटल्या भंगारात गेल्या होत्या. तेव्हापासून जमवतोय. नवी बाटली आणली की शहाऐंशी वर्षांची आई आतल्या खोलीतून विचारते, "कुठली रे?" मी गाव सांगतो. "बरं," म्हणते आणि कूस बदलते. तिचं ते 'बरं' मला आता सोसत नाही.

गेल्या मंगळवारी जुन्या बाजारात इलाहीभाईंनी एक हिरवी बाटली पुढे केली. काचेतच अक्षरं उठवलेली: बागवान सोडा, खडकसांगवी. आत निम्मा सोडा होता.

"कितीबी ओता, तेवढाच ऱ्हातंय बघा," ते म्हणाले. "लई वैताग आणलाय हिनं. घेऊन जावा तुम्ही."

घरी आलो, दार लावून वळलो, तर दादा उभे होते. तीस वर्षांचे, कपाळावर घाम.

"काका, गाडी सुटली का ओ?"

"सुटली," मी म्हणालो.

"असं कसं? पोरगा बसलाय की आत, खिडकीशी. त्याच्यासाठी निम्मी ठेवलीय. दुकानदार बाटली गाडीत नेऊ देईना."

"दादा, मीच दिगू."

त्यांनी माझे पांढरे केस पाहिले, मग भुवईवरचा जुना वण पाहिला. "उंबऱ्यावर पडला होतास," ते म्हणाले. "मग पी की. तहान लागलीय ना?"

तलाठी खाकरले. "विचार करून काय ते ठरवा. शेवटचा घोट ज्याचा, बाटली त्याची. नियम सगळ्यांना एकच आहे."

"कुठली रे?" आतून आईनं विचारलं.

"खडकसांगवीची."

या वेळी 'बरं' आलं नाही. नुसती कॉट करकरली.

मी प्यालो. सोडा गार होता, थोडा खारट. गोटी बाटलीच्या गळ्याशी येऊन खणकन थांबली. दादांनी पाय उचलून पाहिला, मग दुसरा. सवयीनं दाराशी जाऊन चपला काढल्या आणि ते आत गेले.

"किती उशीर ओ," आई म्हणाली.

मला त्यांच्या मागोमाग जायचं होतं. फार जायचं होतं. पाय उचलेना. तलाठ्यांनी जागच्या जागी अंग चोरून मला थोडी जागा करून दिली. तिथं जरा वारा येतो.

"अन् दिगू?" आईनं विचारलं.

"बाहेर उभाय. सोडा पितोय. येईल इतक्यात."

"बरं," आई म्हणाली.