हांगीची मध्यावधी पाहणी

सार्वजनिक निधीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली नाही, तर तो ज्यांच्यासाठी मंजूर झाला त्यांच्यावरच खर्च होऊन जाण्याचा मोठा धोका असतो. हा धोका टाळण्यासाठी आमची समिती आहे. मेलबर्नच्या टार्निट भागातल्या माओरी लोकांच्या कल्याणासाठी आणि संस्कृतीसाठी ठेवलेल्या निधीवर ती देखरेख करते. माओरी हे मूळचे न्यूझीलंडचे. कामधंद्यासाठी समुद्र ओलांडून इकडे आलेले, म्हणजे त्या बाबतीत आपल्यासारखेच. समितीत एकही माओरी नाही, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही. मी मात्र आहे. मी श्रीनिवास, मूळचा पुण्याचा, पेशाने आयटीवाला. एकदा विमान चुकल्यामुळे ऑकलंडच्या विमानतळावर दिवसभर अडकलो होतो, तेव्हापासून समितीत मला न्यूझीलंडतज्ज्ञ मानतात.

निधीतल्या दर शंभर डॉलरांपैकी एकसष्ट डॉलर हे उरलेले एकोणचाळीस नीट वापरले जातात की नाही, हे पाहण्यात जातात. (हे प्रमाण समाधानकारक असल्याचं आमच्याच उपसमितीने कळवलं आहे.) उरलेल्यात हिनेवाई नावाची सत्तरीची, खणखणीत आवाजाची बाई दर शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये मुलांना माओरी भाषा, गाणी आणि हाका शिकवते. हाका म्हणजे मांड्यांवर थापा मारत, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून सगळ्यांनी मिळून करायचा नाच. माझी मुलगी नुपूर तिथे हौसेने जाते. (रविवारच्या मराठी शाळेतून तिला हेच केल्याबद्दल बाहेर काढलं होतं.) हितसंबंधांचा प्रश्न उभा राहू नये, म्हणून मी हे समितीत सांगितलेलं नाही.

हा वर्ग पुढच्या वर्षी चालणार की बंद पडणार, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं, आणि अहवाल वर्गाच्या वार्षिक हांगीवर. हांगी हे त्यांचं मेजवानीचं जेवण. जमिनीत खड्डा खणतात, त्यात तापवलेले दगड टाकतात, वर मांस, रताळी, भोपळा यांच्या टोपल्या ठेवतात, ओली पोती टाकून सगळं मातीखाली गाडतात आणि तीनचार तास गप्पा मारत बसतात. एवढा वेळ करदात्यांचा पैसा जमिनीखाली दिसेनासा होतो, ही बाब समितीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

नियमानुसार कोणत्याही प्रकल्पाची पाहणी तो निम्मा झाल्यावर करावी लागते. त्यामुळे हांगी निम्मी होताच आमचे अध्यक्ष ग्रॅहम, मी आणि एक फावडं, असे तिघे पिवळी जॅकेटं घालून हजर झालो.

"नो वे, मेट," हिनेवाई खड्ड्यासमोर उभी राहिली. "आत्ता उघडलंत तर वाफ जाईल. सगळं कच्चं राहील."

"नो वरीज," ग्रॅहम म्हणाले. "फक्त बघून परत झाकू."

माझी बायको सुनीती नुपूरला घेऊन आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, घरी मी कुकरला नुसता हात लावला तर ओरडतोस, प्रेशर उतरू दे म्हणून. आणि इथे?"

"घरचा कुकर सरकारी निधीतून घेतलेला नाही," मी म्हणालो. नुपूर म्हणाली, "डॅड, प्लीज डोंट." तिच्याकडे कागदपत्रं नव्हती.

आम्ही खड्डा उघडला. वाफ भसकन वर गेली आणि ग्रॅहमचा चष्मा धुरकटल्यामुळे पाहणी झाली नाही. मांस गुलाबी, रताळी दगडासारखी, दगड बघता बघता गार. हिनेवाईने एक रताळं उचलून दाबून पाहिलं आणि परत टोपलीत ठेवलं. मुलं तिच्याकडे बघत राहिली. मला खूप वाईट वाटलं, पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

सुनीती मात्र गाडी काढून गेली आणि आमच्या गल्लीतले झाडून सगळे कुकर घेऊन आली. आमच्या कुकरमध्ये रताळी आणि भोपळा, शेजारच्या लताच्या कुकरमध्ये मांस, कारण लताचा कुकर आधीच मांसाहारी होता. (कुकरांतही पंथ असतात.) हॉलच्या किचनमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, मुलांनी त्या तालावर हाका केला, हिनेवाई पोट धरून हसली आणि सगळे बोटं चाटत जेवले. ग्रॅहमनी तीनदा वाढून घेतलं. इतकं मजेचं जेवण मी टार्निटमध्ये कधी जेवलो नव्हतो.

अहवालात आम्ही सत्य तेच लिहिलं: पाहणीच्या वेळी अन्न कच्चं आढळलं, नंतर ते परकीय संस्कृतीच्या उपकरणांत शिजवण्यात आलं, सबब निधी संस्कृतीवर खर्च झाल्याचं सिद्ध होत नाही. देखरेख कमी पडली, हाच त्याचा अर्थ. म्हणून उरलेले एकोणचाळीस डॉलरही देखरेखीकडे वळवण्यात आले आहेत. आता गैरवापराला जागाच उरलेली नाही.

अहवाल लोकांसमोर ठेवला तेव्हा नागरिकांनी बरंच विचारलं. खड्डा किती खोल होता? कुकर किती लिटरचे? ग्रॅहम खरंच तीनदा जेवले?

वाचकहो, तुम्हीही इथपर्यंत मजेत आलात. त्या मुलांच्या वर्गाचं काय झालं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. (तो हिनेवाईच्या गराजमध्ये भरतो. नुपूर जाते. पत्ता सांगणार नाही.)

आमच्या समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज करा, तुम्ही चालाल.