डिंक न लावण्याचा हक्क

पेटंटचा कायदा एका आदर्श गृहस्थांच्या खांद्यावर उभा आहे. कायदा त्यांना 'सामान्य कुशल माणूस' म्हणतो. आपल्या धंद्यात छापून आलेलं अक्षर न् अक्षर त्यांनी वाचलेलं असतं आणि स्वतःचं असं त्यांना कधीच काही सुचलेलं नसतं. (असे गृहस्थ इतरत्र अध्यक्ष होतात.) एखादी गोष्ट या गृहस्थांनाही सुचली असती असं ठरलं, की ती 'उघड' आणि तिला पेटंट नाही.

अमेरिकेतल्या विचिटा गावच्या हार्लन स्टकीची गाडी नेमकी इथेच अडली. विमानाच्या आतल्या भिंतीचं पॅनेल म्हणजे दोन पातळ थर आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी. हार्लनने ही जाळी ठराविक जागी मुद्दाम चिकटवलीच नाही, आणि आतला गोंगाट निम्म्यावर आला. त्या जागा शोधण्यात त्याची नऊ वर्षं गेली. पेटंट परीक्षकाने एक जुनं पेटंट पॅनेलचं घेतलं, एक ढोलाचं घेतलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि 'उघड आहे' असा शेरा मारला. (एकूण वेळ : चाळीस मिनिटं, चहासह.) आता उरलं अपील. तेही फेटाळलं, तर ते पॅनेल कुणीही उचलावं आणि बनवावं.

वकीलबाईंनी मार्ग सांगितला. "जाणकारांनी तेव्हा तुम्हाला वेड्यात काढलं होतं, असं त्यांच्याकडून लिहून आणा. जाणकारांनाच जे वेड वाटलं, ते उघड कसं? जितका अपमान मोठा, तितकी केस भक्कम."

हार्लनला हायसं वाटलं. या मालाचा त्याच्याकडे तुटवडा नव्हता. त्याने यादी केली : एकूण हसलेले तेवीस, पैकी पोट धरून सात. मग तो दारोदार फिरला. बावीस जणांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आपला पहिल्या दिवसापासून विश्वास होता. ज्यांनी नमुना बुटाने कोपऱ्यात सरकवला होता, ते डेलसाहेब म्हणाले, "अरे, तुडवला जाऊ नये म्हणून सरकवला."

उरल्या सासूबाई. लोरेन पेनर, विमान कारखान्यात एकतीस वर्षं पॅनेलं चिकटवून निवृत्त. त्या चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाटीत दालचिनीचा गोड रोल बुडवत बसल्या होत्या.

"आई, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

"विसरायला काय झालं? म्हटलं, ज्या चुकीपायी आम्ही पॅनेल भंगारात टाकायचो, ती जावईबापू मुद्दाम करतायत. लेकीला म्हटलं, माहेरी ये, खोली रिकामीच आहे."

"हे लिहून द्याल? पण मग तुम्ही चुकलात, अशी सरकारदरबारी कायमची नोंद होईल."

लोरेनबाईंनी रोल खाली ठेवला. बोटं पुसली.

"एकतीस वर्षं पॅनेलं चिकटवली मी, तोंड नाही. सही कुठे करू?"

'प्रदीर्घ अनुभवातून, विनामोबदला व कुटुंबीयांसमक्ष केलेली हेटाळणी' अपील मंडळाने ग्राह्य धरली आणि परीक्षकाचा निर्णय फिरवला. पेटंट मिळालं. लोरेनबाई अजूनही विमानात बसल्या की भिंतीवर टिचकी मारून शेजारच्याला सांगतात, "कच्चं काम."

जाळी मध्येच मोकळी सोडली तर आवाज कमी होणारच, त्यात एवढं काय, असं वाचता वाचता ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांनी जरूर अर्ज करावा. परीक्षकांच्या काही जागा भरायच्या आहेत. अनुभवाची अट नाही, आणि तुम्हाला तर तीन मिनिटंही लागली नाहीत.