हिलाल आप्पा आणि पहिला बोल

हिलाल आप्पांच्या हातात एक्क्यांची जोडी आली की त्यांना घाम फुटायचा. तुम्हाआम्हाला आली तर आपण मनातल्या मनात मांडे खाऊ. आप्पा ती पानं छातीशी धरत, पुन्हा एकदा कोपरा उचलून बघत आणि सरळ उपडी टाकून देत. मग कोणीतरी पंजाच्या जोडीवर सगळा डाव ओढून नेला की आपली पानं हळूच उलटी करून मला दाखवत. "हाई देखा मास्तर. एक्कासनी जोडी व्हती." आवाजात हळहळ कमी आणि सुटल्याचा आनंदच जास्त असे.

हे दरवेळी होत नसे, हेही सांगायला हवं. आमचा खेळ तिरटचा. प्रत्येकाला तीन पानं. वाटणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यानं पहिल्यांदा बोलायचं, म्हणजे खेळतो की टाकतो ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्याचं तोंड बघून आपलं ठरवायचं. वाटणारा सगळ्यात शेवटी बोलतो, त्यामुळे त्याचं बरं असतं. आप्पा शेवटी असले तर त्याच एक्क्यांच्या जोडीवर सगळ्यांना घाम फोडत. पहिले असले आणि हातात नुसता कचरा असला, तरीही बेधडक खेळत, कारण जायचं काय होतं? पण पहिलं बोलायचं आणि हातात एक्क्यांची जोडी, हा योग आला की त्यांचं धैर्य खचे.

"पान चांगलं शे, पन कच्चं शे," ते मला समजावत. जोडी मोठी खरी, पण कुणाकडे एकाच रंगाची तीन पानं निघाली की ती मेलीच. आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याला मागच्यांनी काय लपवलंय ते कळत नाही. "मी बोलनू की समदा माले देखतस. मी कोनले देखू?" मी गणित शिकवायचो, पण आप्पांपुढे माझं गणित चालत नसे.

मी तेव्हा नंदुरबारला मास्तर होतो. राज्य गोऱ्यांचं होतं आणि माझं डोकं काळ्या केसांचं. आप्पा माझे शेजारी. पन्नाशीला टेकलेले, उंच, वाकलेले, मिरचीची आणि कापसाची चांगली शेती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, आणि पुरुष मंडळी उघड्यावर पत्ते कुटत बसतात. या दिवसांत कोणी कोणाला नावं ठेवत नाही. मी शाळामास्तर असल्यामुळे आमच्या अड्ड्यावर मात्र पैशाऐवजी भुईमुगाच्या शेंगा लावत. अड्डा चंपालालशेठच्या कापडदुकानामागे, निंबाखाली. शेठ हरत आले की डावातल्याच शेंगा फोडून खात, आणि जिंकणाऱ्याच्या पदरात निम्मी टरफलं पडत.

पहिलं बोलायचं नाही हा आप्पांचा नियम पत्त्यांपुरता असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. ते कुणाला आधी रामराम करत नसत. समोर येऊन उभे राहत, खाकरत आणि वाट बघत. "चहा घेता का?" म्हटलं की "तुमनं काय?" असं विचारत. बाजारात भाव सांगायची वेळ आली की आभाळाकडे बघत. एकदा ते बैल विकायला गेले. तिकडे रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करतात. नेमका गिऱ्हाईकही त्याच स्वभावाचा निघाला. दोघे रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बसले, बोट कुणीच हलवेना. उन्हं डोक्यावर आली, बैल खाली बसला, रवंथ करून उठला, तरी हे दोघे तसेच. शेवटी तो माणूस हात सोडवून घेऊन पाणी प्यायला गेला तो परत आला नाही. आप्पा बैल घेऊन खुशीत घरी आले. म्हणाले, बचावलो.

असा माणूस घरात एकटा का राहतो, हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. मग चंपालालशेठनं सांगितलं. आप्पांची बायको सोनाबाई. नऊ वर्षांपूर्वी तिचा भाऊ शेनफडू तिला आखाजीला रनाळ्याला माहेरी घेऊन गेला. सण झाला. दाजी येऊन बहिणीला घेऊन जातील म्हणून शेनफडू थांबला. ज्यानं नेली तोच आणून सोडेल म्हणून आप्पा थांबले. भांडण नाही, मारहाण नाही, सासूचा जाच नाही. सासू तर आधीच वारली होती. नुसता निरोप आधी कुणी पाठवायचा एवढ्यावर एक पावसाळा गेला. मग एवढे दिवस गेल्यावर आता कसं बोलायचं, म्हणून आणखी आठ गेले. आप्पांना दुसऱ्या मुली सांगून आल्या. त्यांनी एकीलाही नाही म्हटलं नाही आणि हो तर मुळीच म्हटलं नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा डाव रंगात आला असताना शेनफडू येऊन निंबाखाली बसला. सभ्य माणूस. अंगरखा धुतलेला, चेहरा उतरलेला. पाणी पिऊन त्यानं जे सांगायचं ते मान खाली घालून सांगितलं. शहाद्याकडच्या एका बिजवरानं सोनाबाईला पाटासाठी, म्हणजे पुनर्विवाहासाठी, मागणी घातली होती. आईबाप राहिले नाहीत, उद्या आपलंही काही झालं तर तिचं कोण, असं शेनफडूच्या मनानं घेतलं होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी रनाळ्याला पंच बसतील, दाजींनी येऊन फारकत द्यावी.

आप्पा एक शेंग सोलत होते. ती त्यांनी सोलून खाली ठेवली आणि विचारलं, ती काय म्हणते?

"ती काहीच म्हनत नही, दाजी," शेनफडू म्हणाला. "तुम्ही काय म्हनतस?"

आणि दोघेही गप्प. मला तो रुमाल आणि बैल आठवला, पण या वेळी हसू आलं नाही. शेवटी शेनफडू रामराम करून उठला.

चंपालालशेठनं काहीतरी करायचं म्हणून पानं वाटली. शेठच्या शेजारी आप्पाच होते. त्यांनी पानं उचलली, पुन्हा कोपरा बघितला, आणि उपडी टाकली. मी न राहवून ती उलटी केली. दोन एक्के आणि एक सत्ती.

मला संताप आला. मुलांवर ओरडतो तसा मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, आप्पा, शेंगांचं ठीक आहे, त्या शेठ तरी खातात, पण परवा पंचांपुढे तुम्ही आपल्या हातानं काय टाकणार आहात ते कळतंय का? ती तुम्हाला हवी आहे की नको? हवी असेल तर बोलत का नाही?

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मास्तर, मी इचारं आनि ती नही म्हनी तं? आजलोंग तिनी नही तं म्हनेल नही ना."

शेठच्या तोंडातली शेंग तशीच राहिली. नऊ वर्षं हा माणूस एवढ्यावर जगत होता, की तिनं अजून नाही म्हटलेलं नाही. मी त्याची थट्टा करत आलो होतो, तिरटच्या डावासकट, आणि त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

आखाजीच्या दिवशी सकाळी दाराशी खाकरणं ऐकू आलं. मी बाहेर आलो. आप्पा गाडी जुंपून उभे होते. डोक्याला नवा फेटा. मी आधी रामराम म्हणावा म्हणून ते वाट बघत होते. मी म्हटला. मग म्हणाले, "रनाळाले चाला. तुम्ही सुरू करा, मी मांगेथून बोलसू."

वाटेत मी भाषण तयार केलं. इन्स्पेक्टर येणार असला की करतो तसं, मुद्देसूद. दाम्पत्यजीवन, गैरसमज, उभय पक्ष. आप्पा बैलांच्या शेपट्यांकडे बघत होते. तापलेल्या मातीच्या वाटेनं रनाळे यायला जेवणवेळ झाली.

शेनफडूच्या घरापुढच्या निंबाला झोका बांधला होता. सासरहून आलेल्या पोरी त्यावर खिदळत होत्या आणि एक उंच बाई त्यांना झोके देत होती. कपाळावर मोठं कुंकू, कानाजवळ थोडे पांढरे केस. गाडी थांबली तसा तिचा हात झोक्याच्या दोरावर थांबला. शेनफडू ओट्यावरून उठला. त्याला वाटलं असणार, दाजी एक दिवस आधीच फारकत द्यायला आले.

मी खाली उतरलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली. "सोनाबाई, त्याचं असं आहे, की उभय पक्षी—"

माझ्या खांद्यावर हात पडला. आप्पांनी मला सावकाश बाजूला केलं. त्यांच्या फेट्याखालून घामाची धार कानशिलावर आली होती.

"सोना, घर चाल," ते म्हणाले. "माले तुन्हाबिगर करमत नही. तुले नही म्हननं व्हई तं म्हन. पन मी इचारी ऱ्हायनू."

ती काही बोलली नाही. झोक्यावरच्या पोरींनी पाय टेकून झोका थांबवला. घरात सांजोऱ्या तळत होत्या, तेवढा कढईचा आवाज. मी आप्पांना ओळखत होतो. आता हे पाठ फिरवणार आणि गाडीत जाऊन बसणार, म्हणून मी जू धरायला निघालोसुद्धा. पण ते हलले नाहीत. उन्हात तसेच उभे राहिले, आणि तेच सगळं पुन्हा एकदा म्हणाले, आधीपेक्षा मोठ्यानं, आळीतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं.

सोनाबाईनं दोर सोडला. पदर सारखा केला. ती आप्पांकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"पहिलीच येळे ऐकं मी," ती म्हणाली. "हातपाय धुई ल्या. जेवीसन निघसूत."