मामांचा कब्जा

भाच्याने घर बघितलं तेव्हा सगळ्यात आधी तिसरी खोली बघितली. हॉल, स्वयंपाकघर, नळाचं पाणी हे सगळं नंतर. सध्याच्या भाड्याच्या जागेत दोनच खोल्या होत्या आणि त्याचे मामा हॉलमध्ये घडीच्या खाटेवर झोपत. कुणी पहाटे उठलं की मामांना उठावं लागे, आणि पाहुणे आले की खाट मिटून मामांनी बाल्कनीत उभं राहायचं, असा न सांगता पडलेला रिवाज होता. मामांची कधी तक्रार नव्हती. भाचेसुनेला मात्र ते बघवत नव्हतं. "घ्यायचं तर मामांना स्वतःचं दार लावून झोपता येईल असं घर घेऊ, नाहीतर आहे हे काय वाईट आहे?" असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

तसं घर मिळालं. मालकीणबाई लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या आणि घर रिकामं होतं. भाच्याने इसार दिला, बँकेत कर्जाचा अर्ज टाकला, आणि पडद्यांची मापं घ्यायला म्हणून मालकीणबाईंनी विश्वासाने चावीसुद्धा हातात ठेवली. इथवर सगळं सुरळीत होतं. सुरळीत चाललेल्या कामाला आपणही जरा हातभार लावावा ही बुद्धी माणसाला नेमकी अशाच वेळी सुचते.

झालं असं, की भाचेसून मापं घ्यायला गेली तेव्हा समोरच्या दारातले आजोबा तिला म्हणाले, "एजंट अजून गिऱ्हाइकं आणतोय बरं का. त्याच्याकडे दुसरी चावी आहे. काल एक जोडपं सगळ्या खिडक्या उघडून बघून गेलं." आजोबा सोसायटीचे चेअरमन होते, त्यामुळे बातमी पक्की. भाचेसून मापं अर्धवट टाकून घरी आली. नवराबायको रात्रीच्या जेवणावर ठरवत बसले आणि त्यांची नजर मामांकडे गेली.

"मामा, कर्ज मंजूर होईपर्यंत दिवसभर तिकडे जाऊन बसाल का?" भाच्याने विचारलं. "कुणी बघायला आलं तर सांगायचं, मी इथे राहतो. माणूस राहतंय म्हटलं की गिऱ्हाईक आपोआप पळतं."

"नुसतं राहतो म्हणून नाही पळत," मामा म्हणाले. "पण तू काळजी करू नकोस."

आता मामा म्हणजे कोण, तर कोर्टातले निवृत्त बेलिफ. निकाल लागला की दारात जायचं, हुकूम वाचायचा, आतल्या माणसाला सामानासकट बाहेर काढायचं आणि घराचा ताबा ज्याचा त्याला द्यायचा, यात त्यांची उभी हयात गेली होती. घरात घुसून बसलेला माणूस कोणत्या बोलण्याने हलतो आणि कोणत्या बोलण्याने देवाच्यानेसुद्धा हलत नाही, हे त्यांना पाठ होतं. अशा माणसाला 'जरा घुसून बसा' असं कुणी शहाण्याने सांगू नये. पण भाचा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, कोर्टकचेऱ्यांशी त्याचा संबंध आला नव्हता.

मामा दुसऱ्याच दिवशी सतरंजी, उशी आणि चहाचं भांडं घेऊन दाखल झाले. संध्याकाळी परत येणं त्यांना पटेना. "कब्जा म्हणजे मुक्काम पाहिजे, ये-जा नाही," असं म्हणून ते तिकडेच झोपायला लागले. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. दूधवाल्याला दूध सांगितलं. समोरच्या आजोबांशी तर दोनच दिवसांत गट्टी जमली, आणि मामांनी त्यांना साक्षीदार म्हणून तयार केलं. "कुणी विचारलं तर मी इथे बारा वर्षांच्या वर राहतोय असं सांगायचं. बारा वर्षं उलटली की कायदासुद्धा हलवत नाही." आजोबांनी पहिल्या दिवशी हे मैत्रीखातर कबूल केलं. आठवडा उलटल्यावर त्यांना ते स्वतःलाच आठवायला लागलं.

मग एका दुपारी एक चष्मेवाला गृहस्थ मोजमापाची टेप घेऊन दारात उभा राहिला.

"आपण कोण?" त्याने विचारलं.

"मी इथे राहतो."

"कधीपासून?"

"बारा वर्षं केव्हाच उलटली. समोर विचारा."

"पण हे घर तर विकायचं आहे. मालकीणबाई..."

"मालकीणबाई वगैरे मी कुणाला ओळखत नाही. भाडं देत नाही, कुणी मागितलेलं नाही, आणि या बारा वर्षांत मला कुणी ऊठ म्हटलेलं नाही. घर खुशाल विका. मी घरासकट विकला जाणार नाही."

गृहस्थाने टेप खिशात घातली, समोरच्या आजोबांशी पाच मिनिटं बोलला आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेला. मामांनी भाच्याला फोन लावला. "आज एकाला असा पळवलाय, की तो पुन्हा या गल्लीत दिसायचा नाही," ते म्हणाले. भाचाही खूष झाला. बायकोला म्हणाला, "मामा म्हणजे मामा." ती म्हणाली, "आजच्या काळात कोण करतं एवढं?"

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंचा फोन आला. "तुमच्या घराची किंमत ठरवायला आमचा माणूस गेला होता. आत एक वयस्कर गृहस्थ आहेत. बारा वर्षांचा कब्जा सांगतायत. साक्षीदारही आहे. आमच्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे एवढा भक्कम कब्जा त्याने आजवर पाहिला नाही. अशा घरावर आम्ही कर्ज देत नाही."

भाचा घाईघाईने म्हणाला, "बाई, ते कब्जेदार नाहीत. ते माझे मामा आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे कब्जेदार तुमचाच नातेवाईक आहे?"

काही खरी वाक्यं अशी असतात की ती बोलण्यापेक्षा खोटं बोललेलं परवडतं. बँकेने मालकीणबाईंना खुलासा विचारला, आणि तासाभरात मालकीणबाईंचा फोन भाच्याच्या दुकानात. "मी तुम्हाला चावी पडद्यांची मापं घ्यायला दिली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "तुम्ही त्यात मामा आणून बसवलात. माझ्या नवऱ्याने उभ्या जन्माची कमाई घातली होती त्या घरात. शनिवारपर्यंत घर मोकळं करून बँकेचं पत्र दाखवा, नाहीतर तुमचा इसार परत घ्या. एजंटकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

भाच्याने फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजवी काच डाव्या बाजूला बसवली.

बँकेच्या वकिलांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, मामांचं प्रतिज्ञापत्र, की या घरावर माझा काही हक्क नाही. दुसरी, बँकेचा माणूस पुन्हा जाईल तेव्हा घर रिकामं दिसलं पाहिजे. भाचा भीत भीत मामांना घेऊन वकिलांकडे गेला. त्याला वाटलं, मामांना अपमान वाटेल. मामांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मसुदा बरा आहे, पण ढिला आहे," ते वकिलांना म्हणाले. "'हक्क नव्हता आणि नाही' एवढंच लिहिलंय. 'यापुढे कधीही राहणार नाही' असं घाला. नाहीतर तो पुन्हा येऊन बसेल."

"कोण?" वकिलांनी विचारलं.

"मी. असली माणसं मला चांगली माहीत आहेत."

वकिलांनी घातलं. मामांनी प्रत्येक पानावर सही केली आणि घरी येताना भाच्याला म्हणाले, "आता कुणाच्या बापाची टाप नाही मला तिथे ठेवायची."

शुक्रवारी बँकेचा माणूस यायचा होता. सकाळी मामा सामान बांधायला पुढे गेले होते. मागून भाचा ते आणायला गेला तर जिन्यात सोसायटीची माणसं उभी. पुढे समोरचे आजोबा, हातात काठी.

"लाज वाटत नाही?" आजोबा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला राहत्या घरातून काढतोस?"

"आजोबा, ते माझेच मामा आहेत. माझ्याच घरी राहतात."

"ते इथे राहतात. बारा वर्षं. तुझ्या लग्नाच्या आधीपासून मी त्यांना ओळखतो."

"मामा, सांगा ना यांना," दारात आलेल्या मामांना भाचा म्हणाला.

मामांनी सांगून बघितलं. आपण इथले नाही, जेमतेम पंधरवडा झाला, ते सगळं सोंग होतं. तळमजल्यावरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघा, किती दबाव आणलाय बिचाऱ्यांवर," त्या म्हणाल्या. दूधवाल्यानेही मान हलवली. एवढ्यात बँकेचा चष्मेवाला माणूस जिना चढून आला, गर्दी बघितली आणि त्याच पावली वळायला लागला. भाच्याला वाटलं, संपलं. तिसरी खोली गेली, इसार परत आला, मामा पुन्हा बाल्कनीत गेले.

"थांबा साहेब," मामा म्हणाले.

तो आवाज भाच्याने याआधी कधी ऐकला नव्हता. मामांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, घराबाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि त्याच दारावर तीनदा ठोठावलं. मग जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "सदर इसमाने आपले सामान घेऊन ही जागा तात्काळ मोकळी करावी." मग आत गेले. आतून त्यांचाच आवाज आला, "जातो, साहेब." सतरंजी, उशी आणि चहाचं भांडं घेऊन ते बाहेर आले, पाटी उतरवली, कुलूप लावलं आणि चावी भाच्याच्या हातात दिली.

"सामान मोजून घेतलं, आत कुणी नाही, ताबा शांततेत दिला," त्यांनी जाहीर केलं. "कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. कब्जेदारच इतक्या राजीखुशीने निघाल्यावर लढायचं कुणासाठी? मामांनी तिथल्या तिथे पंचनामा लिहिला, आजोबांनी त्यावर पंच म्हणून सही केली आणि रुमालाने नाक पुसलं. बँकेचा माणूस कुलूप उघडून आत फिरून आला, मापं घेतली, आणि जाताना मामांशी हस्तांदोलन करून गेला. शनिवारी दुपारी बँकेचं पत्र आलं. मालकीणबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मामांना जेवायला आणा एकदा. माझ्या लेकीचा भाडेकरू हलत नाहीये."

घर झालं. ज्या दिवशी सामान हललं, त्या दिवशी भाचेसुनेने सगळ्यात आधी तिसरी खोली लावली. नवीन पलंग, खिडकीला पडदा, दाराला आतून कडी. मग ती मामांना बोलवायला आली, तर मामा उंबऱ्याच्या बाहेर पिशवी घेऊन उभे.

"मी आत येऊ शकत नाही, सूनबाई. 'यापुढे कधीही राहणार नाही' असं लिहून दिलंय."

"मामा, ते बँकेसाठी होतं," भाचा म्हणाला. "आता घर आपलं आहे."

"तुझं आहे. ज्यांना मी सकाळी बाहेर काढलं आणि जे संध्याकाळी मागच्या दाराने परत घुसले, त्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आता मी तेच करू?"

भाच्याने रडकुंडीला येऊन वकिलांना फोन लावला. वकील बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "राहता येणार नाही असं आहे. पाहुणा म्हणून यायला कायद्याची ना नाही."

मामांनी विचार केला. "पाहुणा चालेल. पण पाहुण्याला कुणीतरी बोलवावं लागतं. रोजच्या रोज."

"एवढंच ना?" भाचेसून म्हणाली. "पण मामा, खरं सांगा. हे सगळं त्या एका ओळीसाठी?"

मामांनी पिशवी खाली ठेवली. मग पिशवीचे बंद नीट करत म्हणाले, "किती दारांवर उभा राहिलो असेन, सूनबाई, त्याची गणती नाही. बेलिफ दिसला की लोक दार लावून घ्यायचे, शिव्या द्यायचे, एकदा एकाने कुत्रा सोडला. 'या' असं कुणी एकदाही म्हटलं नाही."

भाचेसुनेने मान फिरवली. भाचा पुढे झाला, उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "या, मामा."

तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी फिरून आले की आत येत नाहीत. बेल वाजवतात आणि जिन्यात उभे राहतात. भाचा हातातलं काम टाकून दारात येतो आणि "या" म्हणतो. समोरचे आजोबा दार किलकिलं करून लक्ष ठेवून असतात. मामा एकदा पायपुसण्याकडे बघतात, एकदा भाच्याकडे, आणि म्हणतात, "एवढा आग्रह करतोयस, तर बसतो थोडा वेळ."