तिसरी कमान, चौथी जागा

सुकलाल नाना कुठल्याही गाडीचं काम घेण्याआधी तिच्यात झोपून पाहत. अगदी चपला बाहेर काढून, मागच्या सीटवर पाठ टेकून. उंचीने ते सहा फुटांच्या जवळ, त्यामुळे पावलं दाराबाहेर राहत. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. डोळे उघडे आणि नजर छताकडे.

एकदा भुसावळचे एक वकील गाडी लावून चहाला गेले. परतले तर गाडीभोवती दहा-बारा माणसं आणि दारातून दोन पावलं बाहेर. 'म्हातारा गेला वाटतं,' असं कुणीतरी हळूच म्हणालं. वकिलांना घाम फुटला. बिचारे मनातल्या मनात पंचनाम्याची जुळवाजुळव करत असतील, तेवढ्यात आतून आवाज आला, "गर्दी हटवा. उजेड अडस."

नाना गाड्यांची छतं करत. म्हणजे पत्र्याचा टप नव्हे, त्याच्या आतलं अस्तर. गाडीत बसल्यावर डोक्यावर जे कापड किंवा रेक्झीन ताणलेलं दिसतं, ते. सीटकव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या हेही करायचे, पण ते पोटासाठी. त्यांचा जीव छतात. "सीटवर तर कोणीही बसतं," ते म्हणत, "वर कोण पाहतं?" मी एकदा म्हटलं, "कोणीच पाहत नाही तर मग एवढी मेहनत कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुकताच एखाद्या विषयात नापास झालो होतो.

मी तेव्हा जळगावात नोकरीला नवीन. गाव असोदा, घर शेतकऱ्याचं, आणि आमच्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. हे मी कुठेही सांगतो, तसं इथेही सांगितलं. नानांच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारून घेतलं आणि त्यानंतर मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय बीए, जेवला का?" "बीए, जरा हा टेप धर." बोली त्यांची धुळ्याकडची. आमच्या असोद्याची वेगळी. मी कॉलेजात घासूनपुसून घेतलेली तिसरीच बोलत असे. तरी आमचं छान जमलं.

त्यांचा दुसरा हट्ट उन्हाचा. रेक्झीनचं छत ते फक्त वैशाखात बसवत, तेही भर दुपारी. जळगावचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. रस्त्यावर कुत्रं नसे तेव्हा नाना बनियनवर तापल्या टपाखाली गुडघ्यांवर बसलेले असत. त्यांचं म्हणणं, रेक्झीन उन्हात सैल पडतं, तेव्हाच ते ताणून घ्यायचं. मग गार होताना ते आपलं आपण बसतं. कोणी दिवाळीत गाडी आणली की एकच उत्तर, "वैशाखमा ये." गिऱ्हाईक म्हणे, नाना, लग्न आहे हो घरात. नाना म्हणत, "लग्न वैशाखमा ठेव. कापडाला घाई कळते."

तिसरी गोष्ट चिमट्यांची. गाडीचं छत खरं तर दोघांनी बसवायचं काम. एकाने पुढून धरायचं, एकाने मागून, आणि दोघांची ओढ सारखी पडली पाहिजे. नाना एकटे करत. एका बाजूला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, पळत दुसऱ्या बाजूला जाऊन ओढायचं, तिकडे चिमटे लावायचे, परत इकडे. एका छताला दीडशे चिमटे लागत. वैशाख लागला की आमच्या गल्लीतल्या दोऱ्यांवरचे चिमटे कमी होऊ लागत, आणि बायका कमरेला पदर खोचून दुकानाशी येत. नाना मुकाट्याने डबा पुढे करत. "तुमचे ओळखा आणि घ्या," म्हणत. मी मदतीला पुढे झालो की, "तू बीए शेस. बस."

हे एकटं करणं मुळातलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर 'सुकलाल अँड ब्रदर' असं होतं आणि शेवटच्या दोन शब्दांवर रंग फासलेला होता.

ब्रदर म्हणजे धाकटा भाऊ भिकन. नानांनी लग्न केलं नव्हतं. भिकन, त्याची बायको आणि नाना असे तिघं दुकानामागे राहत. भिकन बेतायचा आणि शिवायचा, नाना बसवायचे. पुढचं सगळं नाना मला महिन्यातून एकदा तरी सांगत, आणि दर वेळी तेच शब्द. पहूरच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठची काळी विलायती गाडी आली होती. दोघा भावांनी तिचं छत केलं. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी शेठ गाडी न्यायला आले, सोबत वीस-पंचवीस माणसं, हार, नारळ. शेठ मागच्या सीटवर वाकले आणि त्यांनी बोट वर केलं. बरोबर मागच्या सीटच्या वर एक वीतभर सुरकुती होती. शेठनी विचारलं, हे काय? नानांनी सांगितलं, शिवण चुकली, भिकनने तिरपी शिवली. मग शेठ त्या वीस-पंचवीस माणसांदेखत भिकनला नाही नाही ते बोलले. भिकन मान खाली घालून उभा होता. आठ दिवसांनी तो बायकोला आणि शिवणयंत्राला घेऊन धुळ्याला निघून गेला.

"चूक दाखाडी तर राग उना त्याले," नाना शेवटी म्हणत.  मग उठून चहा टाकत, एक कप.

या गोष्टीला सतरा-अठरा वर्षं झाली होती. नाना धुळ्याला गेले नाहीत, भिकन जळगावला आला नाही.

आणि मग तीच गाडी आली. शेठ वारले होते. त्यांचे चिरंजीव किशोरभाऊ यांना वडिलांची गाडी पुन्हा उभी करायची हौस आली. इंजिन झालं, रंग झाला, काचा उतरवलेल्या होत्या, फक्त छत राहिलं होतं. जुनं रेक्झीन पिवळं पडून कडेने तडकलं होतं. किशोरभाऊंना त्या अक्षय्य तृतीयेची काही कल्पना नसावी. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, छत फक्त सुकलाल नाना. नाना आत जाऊन झोपले. त्या दिवशी ते तासभर झोपले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "सुरकुती शे अजून."

जुनं छत उसवायचं म्हणजे फाडायचं नसतं. त्याच्यावरूनच नवं बेततात. छताच्या पाठीला आडवे नेफे असतात, परकराच्या नाडीला असतो तसे, आणि त्यातून लोखंडी सळीच्या कमानी ओवलेल्या असतात. कमानींची टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. या गाडीला पाच कमानी होत्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीचा बाक वेगळा, कारण टप मागे उतरत जातो. म्हणून भिकनने त्या वेळी कानशीने टोकाशी खाचा केल्या होत्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा पाच. नेफे त्याच मापाने शिवलेले.

वैशाखातला रविवार होता. नानांनी मला वही घेऊन बसवलं. कोणत्या भोकातून कोणती कमान निघते ते मोजून लिहायचं.

"पहिल्या जागी एक खाच," मी म्हटलं. "दुसऱ्या जागी दोन."

"पुढे."

"तिसऱ्या जागी चार."

"नीट मोज. बीए शेस ना?"

मी परत मोजल्या. चारच होत्या. चौथ्या जागेवरची कमान निघाली, तिच्यावर तीन.

नानांनी दोन्ही कमानी हातात घेतल्या. अंगठ्याच्या नखाने एक एक खाच मोजली. मग रेक्झीन उलटं करून भिकनची शिवण पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट फिरवत. शिवण दोरी धरल्यासारखी सरळ होती. तिसरी कमान चौथ्या जागी गेलेली, चौथी तिसऱ्या जागी. एकीकडे रेक्झीन ताणलेलं, दुसरीकडे सैल. सुरकुती तिथे पडणारच होती. आणि कमानी बसवल्या होत्या नानांनी. मधल्या काळात छताला कोणी हात लावलेला नव्हता. कडेचे खिळे त्यांच्याच हातचे होते, ते त्यांनी स्वतः उपटले होते.

 त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटली आणि म्हणाले, "जा, जेवून घे."

तीन दिवस दुकान बंद होतं. मी जिन्यावरून जाता-येता पाहत होतो. खरं सांगायचं तर काही करायची गरज नव्हती. कमानी नीट जागी घातल्या असत्या तर नवं छत सुरेख बसलं असतं. पाहणारा मी एकटा, आणि मी कुठे बोललो नसतो. हे नानांनाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबच लांब वाकडी वस्तू. "धुळ्याला जायचं. तू चल. दोन शब्द बोलायची पाळी आली तर तू बोल. शिकेल शेस."

एस.टी.त कंडक्टरने विचारलं, "आबा, हे धनुष्य कुठे चाललं?"  एरंडोलपर्यंत ती कमान एका बाईच्या टोपलीत घुसत होती, पारोळ्यानंतर माझ्या बरगडीत. नाना खिडकीबाहेर पाहत होते. मी मनात चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती, 'गैरसमज' वगैरे शब्द घालून.

भिकनभाऊंचं दुकान धुळ्याच्या एका गल्लीत, एका खोलीचं. ते शाळेची दप्तरं शिवत होते. थोरल्याहून बुटके, केस सगळे पिकलेले. त्यांनी वर पाहिलं, यंत्राचं चाक हाताने थांबवलं, आणि तो हात तसाच चाकावर राहिला. आतून त्यांची बायको दारापर्यंत आली, तिने नानांना पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. कोणी कोणाला या म्हटलं नाही.

मी घसा साफ केला. नानांनी मला हाताने थांबवलं. कागद सोडून कमान यंत्रावर, दप्तराच्या कापडावर ठेवली.

"तीन खाचा शेतस," नाना म्हणाले. "चौथ्या जागेवर निघनी. मन्ही चूक व्हती."

भिकनभाऊंनी कमान उचलली नाही. बोटही लावलं नाही. "माले माहीत व्हतं," ते म्हणाले.

"कव्हाचं?"

"त्याच दिवशीचं. शेठने बोट वर करं, तव्हाच दिसनं."

नाना उभेच होते. "मंग बोलना का नही?"

"लोकेसना समोर? तू मोठा शेस." भिकनभाऊंनी दोरा दाताने तोडला. "नंतर घरी तू सांगशील वाटलं. आठ दिन वाट पाही."

माझी चार वाक्यं माझ्याजवळच राहिली. ती अजून आहेत. कुठे वापरावी असा प्रसंग पुन्हा आला नाही.

 आतून पाण्याचे दोन तांबे आले. पाणी पिऊन झाल्यावर भिकनभाऊंनी विचारलं, "रेक्झीन आनेल शे का?"

"शे. दुधी. बारीक भोकाचं."

"उसवेल छत जपीसन ठेव. मी बुधवारी येस."

बुधवारी ते आले. नवं छत त्यांनी दुकानातच बेतलं आणि शिवलं, आणि गुरुवारी भर दुपारी दोघं भाऊ गाडीत शिरले. नाना पुढे, भिकनभाऊ मागे. चिमट्यांचा डबा फळीवर होता, तिथेच राहिला. मी बाहेर सावलीत बसून ऐकत होतो.

"ओढ."

"हां."

"जास्ती जायं. सोड थोडं."

नानांना कोणी असं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सोडलं.

किशोरभाऊ साडेपाचला आले. आत वाकून पाहिलं, हात फिरवला. छत एखाद्या शांत तळ्यासारखं होतं, कुठे रेघ नाही. ते खूश झाले. नाना त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले आणि शाळेत उत्तर द्यावं तसे म्हणाले, "किशोरभाऊ, तुमच्या वडिलांच्या वेळी सुरकुती पडली होती. मी ती भिकनवर ढकलली. चूक माझी होती. दोन कमानी मी अदलाबदल करून घातल्या होत्या. हे तुम्ही लक्षात ठेवा."

किशोरभाऊ गोंधळले. "सुरकुती? मला तर आठवत नाही, नाना. बाबाही कधी काही बोलले नाहीत. ते तर कायम पुढेच बसायचे, ड्रायव्हरशेजारी."

 नाना जागचे हलले नाहीत. शेवटी किशोरभाऊच म्हणाले, "बरं, ठेवतो लक्षात."

गाडी गेल्यावर दोघं ओट्यावर बसले. दोघांचे हात रेक्झीन चिकटवायच्या सोल्युशनने कोपरापर्यंत चिकट. भिकनभाऊंना धुळ्याची सहाची एस.टी. गाठायची होती. मी रॉकेलची बाटली घेऊन पुढे झालो. भिकनभाऊंनी ती दोन मनगटांत धरून माझ्याकडून घेतली आणि बूच दाताने काढलं.

"हात पुढे कर, भाऊ."

नानांनी उजवा हात पुढे केला. भिकनभाऊ रॉकेल ओतून त्यांचं एक एक बोट चोळू लागले, नखाच्या कडा, पेरांच्या मधल्या जागा. सोल्युशनच्या काळ्या सुरळ्या होऊन खाली पडत होत्या. तो हात स्वच्छ झाला तरी त्यांनी लगेच सोडला नाही.

"दुसरा दे," ते म्हणाले.

नानांनी दुसरा दिला. सहा वाजून गेले. मी घड्याळ पाहिलं, पण वेळ सांगायला गेलो नाही.